नासरेथ सुटलं, सभास्थान सुटलं नाही

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई, सलाम.

मी मूळची नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातली. आजोबा आमच्या चर्चच्या मंडळीत पंच होते, आई अजून महिला मंडळात आहे. रविवारच्या शाळेपासून गायनमंडळापर्यंत मी सगळं केलं. आता वय २९, गेली सहा वर्षं हिंजवडीला नोकरी करते.

पुण्यात आल्यावर एका मोठ्या मंडळीत तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी कुणी बोललं नाही. दुसऱ्या रविवारी एका बाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आजोळ विचारलं. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा जो बदलला, तो मला बरोबर कळला. तिसऱ्या रविवारी शेवटच्या बाकावर बसले आणि आशीर्वाद होताच निघाले. त्यानंतर गेले नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा तर न जाण्याला कारणही द्यावं लागेना.

गावाकडे वेगळीच तऱ्हा. मंडळीत दोन तट पडलेत, जमिनीवरून कोर्टात केस चालू आहे. गेल्या नाताळला दोन उपासना झाल्या, एक देवळात, म्हणजे चर्चच्या इमारतीत, आणि एक शाळेच्या व्हरांड्यात.

मी पवित्र शास्त्र रोज वाचते, प्रार्थना करते. मोबाइलवर उत्तम उपदेश ऐकते, आमच्या गावच्या पाळकांपेक्षा कितीतरी चांगले. प्रभूनेच सांगितलंय ना, खोलीत जा, दार लाव आणि आपल्या पित्याची प्रार्थना कर? मग मंडळी कशाला हवी? आई दर रविवारी फोन करून विचारते, "देवळात गेली होतीस का?" आधी मी खोटं सांगायचे. आता रविवारी फोनच उचलत नाही. माझं चुकतंय का?

एक भगिनी, पुणे

उत्तर

प्रिय मुली, सलाम.

तुला अहोजाहो करत नाही, माझी धाकटी तुझ्याहून मोठी आहे. तुझ्या पत्राचा शेवट मी आधी घेते, कारण बाकीच्याला वेळ आहे, त्याला नाही. आईचा फोन उचल. "नाही गेले, का नाही गेले ते सांगते," एवढं म्हण. देवळावरून आईशी खोटं बोलावं लागावं आणि मग बोलणंच तुटावं, हे नुकसान बुडालेल्या उपासनांपेक्षा मोठं आहे.

आता मंडळीचं बोलू.

तीन रविवार एक अनोळखी मुलगी येते, बसते, गाणी म्हणते आणि कुणी तिला "थांब, चहा घेऊन जा" म्हणत नाही, ही चूक तुझी नाही. ती त्या मंडळीची चूक आहे. मी त्या मंडळीची सभासद नाही, तरी आपल्यातलीच एक म्हणून तुझी क्षमा मागते. बदललेल्या चेहऱ्याकडे मी पुढे येणार आहे, ते एका ओळीत उरकण्यासारखं नाही.

मी स्वतः चार वर्षं देवळाची पायरी चढले नव्हते. माझे यजमान आमच्या मंडळीचे खजिनदार होते. एका वर्षी इमारत फंडाच्या हिशेबात तफावत निघाली आणि वार्षिक सभेत, भरल्या मंडळीत, त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. सात महिन्यांनी दोन पावत्या दुसऱ्याच फाइलमध्ये सापडल्या आणि हिशेब पैशाला पैसा जुळला. कागद सरळ झाला, पण क्षमा कुणी मागितली नाही. यजमान तरीही जात राहिले. मी नाही गेले. रविवारी सकाळी घरातच गीतांचं पुस्तक उघडायचं, दोन गीतं, एक अध्याय, प्रार्थना. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं.

मी शिक्षिका, त्यामुळे प्रार्थनेचे विषयही वहीत लिहायची सवय. तिसऱ्या वर्षी कधीतरी जुनी वही हाताला लागली. तिच्यात पानं भरून नावं होती: कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची दारू, कुणाच्या विहिरीला लागलेलं खारं पाणी, कुणाची तिसऱ्यांदा हुकलेली पोलीस भरती. मग नवी वही पाहिली. चार नावं, आणि चारही माझ्या घरातली. मी कुणाला ठरवून वगळलं नव्हतं. मला कुणाचं काही कळतच नव्हतं, मग मागणार काय? देवाशी माझं थेट नातं होतं, तू म्हणतेस तसंच. ते माझ्याएवढंच उरलं होतं.

चौथ्या वर्षी मे महिन्यात यजमान गेले. पहाटे साडेतीनला, झोपेतच. मी कुणालाही कळवलं नव्हतं, शेजारच्या मुलाने पाळकसाहेबांना फोन केला. आपल्याकडचा मुरूम मे महिन्यात कसा होतो तुला ठाऊक आहे, पहार मारली की ठिणगी उडते. तरुण संघाची सहा पोरं दिवस उजाडायच्या आत कबर खोदायला लागली होती. त्यांतल्या दोघांना मी शाळेत नापास केलं होतं. माती देऊन घरी आलो तेव्हा पिठलं-भाकरी तयार होती, कारण त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटत नाही. भाकरी थापत बसलेली बाई मला पाठमोरी दिसली आणि पाठीवरूनच ओळखू आली. सभेत पहिलं बोट तिनेच दाखवलं होतं. ती उठली, पिठाचे हात तसेच, येऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. बोलली काहीच नाही. त्या रात्री ती माझ्याकडेच झोपली. पुढच्या नऊ रात्री कुणी ना कुणी सोबतीला होतं. बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, मला न विचारता.

त्या पहिल्या रात्री मला प्रार्थना येत नव्हती. चाळीस वर्षं प्रार्थना केलेली बाई मी, एक शब्द सुचेना. अंगणात त्या बायका कवी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत होत्या. मला सगळी पाठ, पण माझं तोंड उघडेना. त्यांनी माझ्या वाटचंही म्हटलं.

तेव्हापासून बायबलमधल्या, कफर्णहूम गावातल्या त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट मी वेगळी वाचते. तुला ती रविवारच्या शाळेपासून पाठ असणार. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणलं, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा छप्पर उकरून त्याला खाली सोडला. आपल्याकडच्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नेवाशाकडे जुन्या घरांना माळवद असतं, वर मातीचा थर. तो उकरता येतो आणि उकरणाऱ्याच्या डोळ्यांत माती जाते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मार्कने आपल्या शुभवर्तमानात तिथे लिहून ठेवलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, त्याबद्दल वेगळं एक अक्षर नाही. चौघांच्या विश्वासावर तो त्या छतातून खाली उतरला. यजमान गेले तेव्हा मी खाटेवर होते आणि मला उचलणाऱ्यांत एक माझ्यावर रुसलेली बाई होती.

तू म्हणशील, माझ्यावर खाटेवर पडायची वेळ आलेली नाही. खरंच नाही. तुझं वय त्या चौघांतलं एक होण्याचं आहे. म्हणून मी तुला उलट प्रश्न विचारते. रविवारी सकाळी खोलीत बसून तू उत्तम उपदेश ऐकतेस, तेव्हा कुणाच्या खाटेचा कोपरा तुझ्या हातात असतो?

मोबाइलला मी नावं ठेवणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळी देवळं बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबरात उघडली, पुन्हा बंद झाली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. त्या काळात आमच्याकडच्या म्हाताऱ्या नातवाचा फोन पितळी डब्याला टेकवून उपासना ऐकत, आशीर्वादाला डोक्यावर पदर घेत. जो अंथरुणाला खिळलाय, ज्याची रात्रपाळी आहे, जो अशा देशात नोकरीला आहे जिथे जवळपास चर्चच नाही, त्याच्यासाठी हे देवाचं देणंच आहे. तूसुद्धा आठवडाभर हिंजवडीच्या बसमध्ये खुशाल ऐक. पण तेव्हाही प्रभूभोजनापाशी गाडी अडली होती, हे आठव. भाकर आणि प्याला शेजारच्याच्या हातातून आपल्या हातात यावा लागतो.

आणि तो उपदेशक तुला ओळखत नाही. तू रडत ऐकलंस हे त्याला कळत नाही, सहा महिने ऐकलं नाहीस हेही कळत नाही. तुमच्या गावच्या पाळकांचा उपदेश कंटाळवाणा असेल, मानते मी. मीही असे पुष्कळ ऐकले आहेत. पण तुझे आजोबा गेले तेव्हा कबरेशी उभं राहून वचन कोणी वाचलं, ते आठवून बघ.

खोलीत जाऊन दार लावण्याबद्दल. प्रभूने ते कुणाला उद्देशून म्हटलं? लोकांनी पाहावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलताना. तिथून जेमतेम तीन वचनांवर तो जी प्रार्थना शिकवतो तिची सुरुवात "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी आहे. भाकर मागायची तीही "आमची" रोजची भाकर. दार लावलं, कडी घातली, तरी "माझ्या पित्या" म्हणायला त्याने शिकवलेलं नाही.

त्याचं स्वतःचं काय होतं? लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. तो आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात, यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, गेला, असं लिहिलंय. परिपाठ म्हणजे नेम. ज्याचं पित्याशी नातं आपल्या कुणाहीपेक्षा थेट होतं, त्याचा हा नेम. ते सभास्थान नासरेथचं, त्याच्या स्वतःच्या गावचं. तिथे सगळ्यांना तो लहानपणापासून माहीत. "हा योसेफाचा मुलगा ना?" असं ते विचारतात, आपल्या "कुणाची गं तू?" सारखंच. पुढे तो बोलतो आणि ते इतके खवळतात की त्याला डोंगराच्या कड्यावर नेऊन खाली लोटायला निघतात. तुझ्या तिसऱ्या रविवारपेक्षा हा दिवस कितीतरी वाईट होता.

तो त्यांच्यामधून निघून गेला. तिथेच थांबून मार खात बसला नाही. आणि पुढच्याच वचनात तो कफर्णहूमात आहे, शब्बाथ दिवशी शिकवतोय, सभास्थानात. नासरेथ सुटलं, पण शब्बाथ आणि सभास्थान सुटलं नाही. कफर्णहूमात गेला म्हणून पुढे ते छप्पर उकरणारे चौघे त्याला भेटले.

तेव्हा तू त्याच पुण्याच्या मंडळीत परत जा, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणांहून तर पळूनच जावं. जिथे औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं असं सांगतात, जिथे दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मागतात पण हिशेब दाखवत नाहीत, जिथे घरच्यांशी बोलणं बंद करायला लावतात, जिथे बायकांशी कुणी वावगं वागतो आणि बाकीचे ते झाकतात, तिथे एक रविवारही थांबू नकोस आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जा. तुझ्या बाबतीत एक मंडळी थंड निघाली. थंडपणा वाईटच, पण त्याच्यावर इलाज असतो.

आता तो बदललेला चेहरा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढच्या पिढ्यांत आपल्या भागात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते बहुतेक गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग समाजातले. गावच्या विहिरीवर त्यांना घागर टेकवता येत नव्हती. त्यांच्यासाठी मंडळी म्हणजे आधी एकाच सतरंजीवर बसणं आणि एकाच प्याल्यातून पिणं. तेही ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाच्या शेजारी बसून. लक्ष्मीबाई टिळकांना दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी घेणं किती जड गेलं, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवलंय. एवढी किंमत मोजून तो प्याला एका ओळीतून फिरला. म्हणून ख्रिस्ती माणसाने आडनावावरून जात हुंगणं याला माझ्याकडे पाप हाच शब्द आहे. आणि ते आपल्यात आहे. लग्न जुळवताना तर उघड उघड आहे. तुला दिसलं ते मला दिसलं नाही, पण तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे.

तरी एक सांगते. "गाव कुठलं?" हा प्रश्न दरवेळी त्याच तोंडाचा नसतो. आपल्या म्हाताऱ्या तो विचारतात कारण त्यांना धागा जोडायचा असतो, "म्हणजे तू अमक्या मास्तरांची नात का गं?" असं म्हणायचं असतं. पुढे कुणी विचारलं तर शांतपणे विचार, "का हो मावशी?" ज्यांना धागा जोडायचाय त्या सांगतील. ज्यांना जात हवी होती त्या गप्प होतील आणि आपण का गप्प झालो हे त्यांना कळेल. तू निघून आलीस तेव्हा ते देऊळ त्या बाईंच्या नजरेवर सोडून आलीस, हे मला खुपतं. ज्यांच्या आजोबांनी त्या सतरंजीची किंमत चुकवली, त्यांनी ती सतरंजी का सोडायची?

आपल्या भाषेने या शब्दाबाबत मोठं काम केलंय, हेही जाता जाता सांगते. पुष्कळ भाषांत इमारत आणि माणसं दोन्हींना एकच शब्द चालतो. आपल्याकडे जुनी माणसं इमारतीला देऊळ म्हणतात आणि माणसांना मंडळी. देऊळ गळलं तर पत्रे बदलतात. मंडळीचं तसं नसतं, तिथे एकेक माणूस मोजावं लागतं. तू तीन रविवार देवळात गेलीस. मंडळी तुला भेटलीच नाही.

गावाकडच्या दोन तटांबद्दल तू उद्वेगाने लिहिलंस. मिशनच्या काळातल्या जमिनींवरून कोर्टकज्जे ठिकठिकाणी चालू आहेत, तुझं गाव एकटं नाही. प्रेषित पौलाने पहिल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांतली भांडणं काढून टाकली तर पत्रं किती उरतील? करिंथात प्रभूभोजनाच्या वेळी खाऊनपिऊन असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना झाडतो, पण "मग एकत्र जेवूच नका" म्हणत नाही, "एकमेकांसाठी थांबा" म्हणतो. फिलिप्पैत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं. कशावरून, ते तो लिहीत नाही. दोघींनी शुभवर्तमानाच्या कामात त्याच्याबरोबर श्रम केले, हे मात्र आवर्जून लिहितो. आणि इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणं सोडू नका म्हणताना लिहिलंय की काहींना तशी चालच पडली आहे. पहिल्या शतकातही माणसं घरी बसू लागली होती.

एकत्र यायला वेळ लागतो, फार लागतो. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. म्हणजे ४१ वर्षं. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि समजत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा म्हणणारे, दोघेही त्या एका चर्चमध्ये आले. ज्यांनी बोलणी सुरू केली त्यांतल्या कित्येकांना तो दिवस दिसला नसणार. गावच्या भांडणात तू बाजू घेऊ नकोस. नाताळला गेलीस की आधी व्हरांड्यातल्या उपासनेला बस, मग देवळात जा, आणि दोन्हीकडच्या बायकांना सारखाच सलाम कर. दोन्हीकडचे नाराज होतील. होऊ देत.

तुझ्यासारखी विचार करणारी माणसं चर्चवर नाराज होतात, हेही आपल्याकडे नवीन नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला आणि लगेचच तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचे वाद सुरू झाले. चर्च सांगतं म्हणून मी एखादी गोष्ट मानणार नाही, शास्त्रात मला दिसली तर मानेन, असा त्यांचा बाणा होता. इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या बाईंनी पुढे काय केलं? एकटीने शास्त्र वाचत बसल्या नाहीत. केडगावला मुक्ती सदन उभारलं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांबरोबर एका छपराखाली राहिल्या, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, आणि तिथेच अखेरपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. मिशनच्या साहेबी कारभारात त्यांचा जीव रमेना आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं. सोडून काढलं काय, तर "देवाचा दरबार". बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र बसतील अशी नवी संगत. पुढे दोनच वर्षांनी ते गेले. चर्चवर त्यांच्याइतकी टीका आजही फार थोडे करतात. पण चर्चला कंटाळून जेव्हा ते निघाले, तेव्हा माणसं गोळा करायलाच निघाले.

आता तुझ्या कामाचं. मोठं नाव असलेली मंडळी शोधू नकोस, जवळची आणि लहान बघ. पिंपरी-चिंचवडला आपल्या नगरकडची पुष्कळ कुटुंबं येऊन राहिली आहेत. साठ-सत्तर माणसं जमणारी एखादी मराठी मंडळी तुला नक्की सापडेल, मग ती शाळेच्या हॉलमध्ये भरत असली तरी चालेल. रविवारी जाण्याआधी शनिवारी संध्याकाळी गायनाच्या सरावाला जा. हे मी फार विचार करून सांगते. रविवारी शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी वर्षभर अनोळखी राहू शकते. सरावाला पेटीजवळ उभी राहणारी मुलगी दुसऱ्या आठवड्यात नावाने ओळखली जाते, कारण तिच्याशिवाय खालचा सूर उणा पडतो. गायनमंडळ तुला येतं, तुझ्या हातातली किल्ली आहे ती.

पाळकांना भेटून नाव आणि फोन नंबर दे. "कुणाच्या घरी प्रार्थनेला जाणार असाल तर मला सांगा, मीही येईन," एवढं म्हण. आजाऱ्याच्या खोलीत खाटेच्या कडेला बसलं की मंडळी कळते, उपदेश ऐकून कळत नाही. मग एक वर्ष थांब. एक पूर्ण वर्ष: एक उपासकाळ, एक पुनरुत्थानाचा सण, एक हार्वेस्ट, एक नाताळ. मध्ये कुणीतरी तुला दुखावेल, आणि तूही कुणाला दुखावशील, तुला पत्ताही लागणार नाही. वर्षाच्या शेवटी पुन्हा पत्र लिही, तेव्हाही तुला नकोसं वाटत असेल तर मी दुसरी मंडळी शोधायला मदत करेन.

शंका येत असतील, विश्वास डळमळत असेल, तरी जा. पहिल्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला, तेव्हा त्यांच्यातला थोमा तिथे नव्हता. इतरांनी सांगितलं ते त्याने मानलंही नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याच बरोबर त्याच घरात बसलेला आहे. ते त्याला बाहेर काढत नाहीत आणि तो रुसून जात नाही. प्रभू त्याला तिथे भेटला, त्या बंद दारांच्या आत, बाकीच्यांच्या देखत.

आणि सभासदत्वाचं पत्र गावाहून मागवून घे. तो नुसता कागद नाही. उद्या तुझं लग्न ठरलं तर त्याची घोषणा कुठल्यातरी मंडळीत तुझ्या नावानिशी वाचली जाईल, तेव्हा बाकावर बसलेल्या चार जणांना तू कोण हे माहीत असावं.

ते पत्र आईला आणायला सांग. पाळकसाहेबांकडे तिलाच जाऊ दे, दोन खेपा घालू दे, तिला आवडेल. मग रविवारी तिचा फोन आला की "देवळात गेली होतीस का?" असं ती विचारणार नाही. गायनात तुला कुणाशेजारी उभं केलं, ते विचारेल.